खापर थंडीवर, पाणी टाकीत

डिसेंबर उजाडला की रत्नागिरीत दोन गोष्टी गोठतात असं मानलं जातं: एक खोबरेल आणि दुसरं डिझेल. पहिलं खरोखर थिजतं. दुसरं थिजतं हे मांडवीच्या नाक्यावर, मिरकरवाड्याच्या जेटीवर आणि राजिवड्याच्या खाडीत इतक्या खात्रीने सांगितलं जातं की, तसं काही होत नाही म्हणणाऱ्यालाच पुरावा द्यावा लागतो. तो द्यायला मी बसलो आहे.

आधी समोरच्यांचं म्हणणं त्यांच्याच जोराने मांडतो. ते म्हणतात, थंडीत डिझेल जड होतं, पहाटे इंजिन सेल्फला दाद देत नाही, सहा सिलेंडरचं धूड नुसतं धापा टाकतं. डिझेल थिजू नये म्हणून दुकानात मिळणारी रसायनाची छोटी बाटली टाकीत ओतली की त्याच इंजिनाला जीव येतो. लडाखमध्ये तर सरकारी तेल कंपनीच थंडीसाठी वेगळं डिझेल देते, म्हणजे या गोष्टीत तथ्य आहे हे सरकारलाही मान्य आहे. आणि समजा इथे गरज नसली, तरी दोन-तीनशे रुपयांच्या बाटलीने बिघडतं काय? मासेमारीचा एक दिवस बुडाला तर त्याच्या कित्येक पट नुकसान होतं. हा युक्तिवाद मूर्खाचा नाही. बर्फ, डिझेल, खलाशांचा पगार आणि डोक्यावरचं कर्ज यांचा हिशेब रोज मांडणाऱ्या माणसाचा आहे. म्हणूनच तो नीट उलगडून बघायला हवा.

सुरुवात खोबरेलापासून, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ न्हाणीघरातल्या त्या निळ्या बाटलीत आहे. खोबरेल २४-२५ अंशांना थिजू लागतं. म्हणजे रत्नागिरीची साधी डिसेंबरातली पहाटसुद्धा त्याला पुरते. ते थिजलं म्हणजे थंडी कडाक्याची पडली असं नव्हे. ते तेलच नाजूक. डिझेलमध्येही मेण असतं हे खरं आहे. मेणबत्तीतलं मेण ज्या कुळातलं, त्याच कुळातल्या लांब साखळ्या डिझेलमध्ये विरघळलेल्या असतात. तापमान उतरत गेलं की आधी डिझेल गढूळ दिसू लागतं, मग मेणाचे बारीक पापुद्रे फिल्टरच्या कागदावर साचून वाट अडवतात, आणि आणखी खाली गेलं की भांडं आडवं केलं तरी डिझेल हलत नाही. या तीन पायऱ्या आहेत. इंजिन चालवणाऱ्याच्या दृष्टीने मधली महत्त्वाची, कारण टाकीत डिझेल पातळ दिसत असतानाही फिल्टर बुजू शकतो.

आता या पायऱ्या कोणत्या तापमानाला येतात? भारतीय मानक ब्यूरोचं १४६० क्रमांकाचं मानक डिझेलसाठी आहे आणि त्यात ऋतूप्रमाणे दोन मर्यादा घातल्या आहेत. उन्हाळ्याच्या डिझेलला फिल्टर अडण्याची मर्यादा १८ अंश आणि प्रवाह थांबण्याची १५ अंश. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांच्या डिझेलला त्याच मर्यादा ६ अंश आणि ३ अंश. म्हणजे थंडीची सोय पंपावर येण्याआधीच झालेली असते, आणि ती तुम्ही मोजलेल्या पैशांतच असते. रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १८-२० अंशांच्या आसपास असतं. एखाद्या कडक पहाटे त्याहून तीन-चार अंश खाली. सहा अंश ही मर्यादा तिथून बरीच दूर आहे.

त्यात नौकेची टाकी हवेत लटकलेली नसते. ती नौकेच्या पोटात, इंजिनाच्या शेजारी असते, आणि नौका समुद्रात असते. कोकण किनाऱ्यालगतचं समुद्राचं पाणी भर थंडीतही २५ अंशांच्या खाली क्वचितच जातं. मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारा सुटतो, नौका चालवणारा तांडेल कानटोपी ओढून घेतो, त्याला हुडहुडी भरते. त्याच्या पायाखालचं डिझेल मात्र कोमट पाण्याच्या अंथरुणावर पडलेलं असतं. थंडी माणसाला वाजते म्हणून ती डिझेललाही वाजत असेल, हे अनुमान माणसाने स्वतःवरून काढलेलं आहे.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. ती मी टाळली तर समोरचे टाळणार नाहीत. महाराष्ट्रातच निफाड आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पारा दोन अंशांखाली उतरला होता. द्राक्षबागा वाचवायला शेतकऱ्यांनी रात्रभर बागांतून शेकोट्या पेटवल्या. मानकाची मर्यादा सहा अंश आणि पारा दोनावर, मग तिथल्या ट्रॅक्टरचं काय? याचं उत्तर असं की हवेचा नीचांक सूर्योदयाआधीच्या तास-दीड तासाचा असतो आणि टाकीतलं डिझेल हवेइतक्या झपाट्याने थंड होत नाही. शिवाय रिफायनरी मर्यादेच्या अगदी टोकावर माल काढत नाही, थोडी मोकळीक ठेवूनच काढते. तरीही ज्याने सप्टेंबर-ऑक्टोबरात पिंपात भरून ठेवलेलं डिझेल भर थंडीत ओतलं, त्याच्या फिल्टरवर मेण बसू शकतं. हे मी मान्य करतो. तिथे वेळेवर टाकलेलं रसायन थोडंफार काम करेलही. पण जानेवारीत पंपावरून भरलेलं डिझेल तेच काम बाटलीशिवाय करतं. आणि निफाडची अडचण मांडवीत आणायची, तर मधला सह्याद्री आधी हलवावा लागेल.

मग पहाटे इंजिन लागत नाही ते का? हा प्रश्न खरा आहे. मेस्त्र्यांची अर्धी कमाई त्यावर चालते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. सगळा खेळ त्या दाबाचा. रिंगा झिजल्या असतील, लायनर खाल्लेला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर दाबलेली हवा फटीतून निसटते आणि पुरेशी तापत नाही. उन्हाळ्यात आधीच गरम असलेल्या हवेमुळे असं इंजिन कसंबसं लागतं. डिसेंबरात हवा दहा अंशांनी थंड झाली की त्याचं पितळ उघडं पडतं. त्या वेळी नळीतून पांढरा धूर येतो. तो न जळलेल्या डिझेलचा धूर असतो. डिझेल सिलेंडरमध्ये पोचलंय, फक्त पेटत नाहीये, असं तो धूर ओरडून सांगत असतो. डिझेल थिजलं असतं तर ते पोचलंच नसतं आणि धूरही निघाला नसता. एवढी एक खूण बघितली तरी निम्मे वाद मिटतील.

दुसरं कारण बॅटरी. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो, इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे सेल्फला काम जास्त आणि ताकद कमी. इंजिन हळू फिरलं की हवेला दाबातून निसटायला वेळ मिळतो. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असते ती वेगळीच. तिसरं कारण, आणि माझ्या मते किनाऱ्यावर सगळ्यात जास्त वेळा घडणारं, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरणं. रात्रभर इंजिन बंद राहिलं, एखाद्या जुन्या रबरी पाइपाला बारीक चीर आहे, बॅन्जो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर चपटा झालाय; डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं आणि त्याच्या जागी हवा बसते. पहाटे पंप हवाच ढकलत राहतो. मेस्त्री येतो, बोल्ट सैल करतो, हातपंप मारून एअर काढतो, इंजिन लागतं. त्याच्या आधी पाच मिनिटं कोणीतरी टाकीत बाटली ओतलेली असते. श्रेय बाटलीला जातं आणि मेस्त्रीला चहा.

बाटलीचे बहुतेक चमत्कार या जातीचे आहेत. बाटली एकटी कधीच येत नाही. तिच्याबरोबर फिल्टर बदललेला असतो, एअर काढलेली असते, बॅटरी चार्ज करून आणलेली असते, किंवा नुसतं ऊन वर आलेलं असतं. पाच गोष्टी एकदम केल्या आणि त्यातली जी नवी, तिला फळ लावलं. खात्री करायची असेल तर एका पहाटे फक्त बाटली आणि दुसऱ्या पहाटे फक्त फिल्टर, असं करून बघायला कोणी तयार होत नाही. आणि का व्हावं? ज्याला समुद्रात जायचंय त्याला इंजिन लागायला हवंय, प्रयोग नको. ही त्याची चूक नाही. पण मग त्या बाटलीची साक्ष काढून दुसऱ्याला ती घ्यायला लावू नये, इतकीच अपेक्षा. ॲव्हरेज वाढतं या दाव्याबद्दल तर बोलायलाच नको. भरती-ओहोटी, वारा, होडीवरचा बर्फ, बुडाला चिकटलेले शिंपले यांनी फेरीमागचा खर्च दर वेळी बदलतो. त्यात बाटलीचे चार थेंब शोधणार कुठे?

आता लडाख. हा समोरच्यांचा हुकमाचा पत्ता आहे. तोच मला उलटा खेळायचा आहे.

लेहमध्ये आणि त्याच्या पलीकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीसपर्यंत उतरतो. तिथे साधं डिझेल खरोखर थिजतं. अनेक वर्षं तिथले ड्रायव्हर त्यात रॉकेल मिसळत, टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ पेटवून इंजिन जागं करत. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपत रिफायनरीत तयार झालेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. म्हणजे थंडीसाठी डिझेलवर संस्कार करावे लागतात, हे शंभर टक्के खरं. पण ते कुठे झाले? पानिपतात, रिफायनरीत, प्रयोगशाळेत तपासून, टँकर डोंगर चढण्याआधी. लेहच्या ड्रायव्हरच्या हातात बाटली देऊन नव्हे.

आणि यामागे केवळ सरकारी शिस्त नाही, रसायनाचा स्वभाव आहे. डिझेल थंडीत वाहतं ठेवणारी जी रसायनं असतात, ती मेण विरघळवत नाहीत. मेण स्फटिक बनायला लागलं की त्या स्फटिकांना चिकटून ती त्यांचा आकार बदलतात. मोठे, सपाट, एकमेकांत अडकणारे पापुद्रे व्हायच्या ऐवजी बारीक, सुटे कण होतात आणि फिल्टरमधून पुढे सरकतात. म्हणून ती डिझेल कोमट असताना, मेण विरघळलेलं असतानाच मिसळावी लागतात. एकदा मेण जमलं की वरून ओतलेली बाटली त्याचं काही करू शकत नाही. मग उपाय एकच, डिझेलला ऊब देणं. म्हणजे ‘सकाळी लागलं नाही, म्हणून बाटली ओतली आणि लागलं’ ही कथा लडाखमध्येसुद्धा खोटी ठरली असती. मांडवीत ती खरी कशी ठरेल?

मोठ्या थंडीच्या देशांतही हाच रिवाज आहे. युरोपच्या डिझेल मानकात थंडीच्या श्रेणी आखल्या आहेत. फिल्टर अडण्याची मर्यादा सौम्य हवेसाठी अधिक ५ अंशांपासून ध्रुवाजवळच्या प्रदेशांसाठी उणे ४४ अंशांपर्यंत. कोणत्या महिन्यात कोणती श्रेणी विकायची ते त्या-त्या देशाने ठरवायचं. पंपावर उभा राहिलेला माणूस ऋतूचा विचार करत नाही, कारण तो त्याच्यासाठी आधीच कोणीतरी केलेला असतो.

जाता जाता पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींबद्दल. डिझेल गाडी घेऊन जून-जुलैत लेहला निघणारे बॅगेत ही बाटली न चुकता ठेवतात. त्या महिन्यांत लेहच्या रात्री शून्याच्या वरच असतात. अलीकडे भर हिवाळ्यात स्पितीला जायची टूम निघाली आहे. त्यांनी जरूर काळजी घ्यावी, पण ती वाटेतल्या शेवटच्या पंपावर तिथलं डिझेल भरून. सपाटीवर भरलेल्या डिझेलवर वर चढणं हाच तिथला खरा धोका. शिवाय नव्या गाड्यांत जे युरियाचं पाणी लागतं, ज्याला सगळे डीईएफ म्हणतात, ते उणे ११ अंशांना गोठतं. गाडीच त्याला गरम ठेवते. त्यातही काही मिसळायला जाऊ नये.

‘तोटा काय?’ या प्रश्नाला मात्र मी हसत नाही, कारण तोटा आहे आणि तो नौकेवर जास्त आहे. बाजारातल्या काही बाटल्यांत अल्कोहोल असतं, पाणी ‘शोषून’ घेण्यासाठी. ते पाणी नाहीसं होत नाही. बारीक थेंबांत विभागून डिझेलमध्ये मिसळतं. तळाशी निमूट बसलेलं, नळ उघडून काढून टाकता आलं असतं असं पाणी आता वॉटर सेपरेटरलाही चुकवून पंपात आणि नोझलमध्ये जातं. तिथल्या फटी माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक, आणि तिथे वंगण म्हणून दुसरं काही नसतं. डिझेलच वंगणाचं काम करतं. पाण्याने तिथे झीज सुरू होते, गंज चढतो, नोझल टपकायला लागतं. दुसरी गोष्ट आगीची. भारतात डिझेलची वाफ ठिणगीने पेटण्याचं तापमान किमान ३५ अंश असावं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलसाठी ते १२ अंशांच्या आसपास आहे. नौकेची इंजिनरूम म्हणजे बंद खोली. तिथे बाटली सांडली, बाजूला बॅटरीची ठिणगी उडाली, तर समुद्रात पळून जाणार कुठे? आणि ‘बाटली नको, थोडं रॉकेल टाकू’ म्हणणाऱ्यांसाठी: रॉकेल डिझेलहून पातळ, त्याचं वंगण कमी. त्याने पंपाचं आयुष्य घटतं, आणि डिझेलमध्ये भेसळ हा केंद्र सरकारच्या २००५ च्या आदेशाने गुन्हा आहे.

इतकं खंडन झाल्यावर एक गट टाळ्या वाजवायला पुढे येतो. त्यांच्या टाळ्या मला नकोत. हे लोक म्हणतात, ‘ॲडिटिव्ह हे सगळंच थोतांड. डिझेलमध्ये डिझेलच असावं.’ हे पहिल्या गटाइतकंच चुकीचं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं आणि त्यातलं गंधक दहा लाखात दहा भागांवर उतरलं. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ते पन्नास भाग होतं. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही जातात. म्हणून वंगणासाठी रसायन मिसळावं लागतं आणि मानकात झिजेची मर्यादा घालून दिली आहे: ठरलेल्या चाचणीत पोलादी गोळीवर उमटणारा ओरखडा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नको. म्हणजे ज्या डिझेलमध्ये ‘फक्त डिझेल’ आहे असं समजून आपण ते भरतो, त्यातही कोणीतरी काहीतरी मिसळलेलं आहे, आणि त्यामुळेच आपला पंप टिकतो.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर मांडवीच्या जेटीवर उभं राहून समुद्राकडे बघा. बरंच वर, मुंबईच्या पश्चिमेला मुंबई हाय आहे. १९७४ मध्ये सागर सम्राट रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या कच्च्या तेलात मेण इतकं की ते ३० अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागतं. समुद्रतळावरून ते उरणपर्यंत नळाने आणायचं, तर नळाच्या भिंतीला मेणाचा थर बसणारच. तिथे मेणाला आवरणारी रसायनं घालतात, नळ आतून खरवडून साफ करतात. थंडीचं नावही नसलेल्या आपल्या अरबी समुद्रात मेणाविरुद्धची ही लढाई रोज चालते. ती लढणारे प्रवाह मोजतात, मात्रा ठरवतात, नमुने तपासतात. म्हणून माझा विरोध रसायनाला नाही. न मोजता, न तपासता, रोगाचं नाव न विचारता ओतलेल्या रसायनाला आहे. रसायनाची जागा रिफायनरीत आणि डेपोत. (रत्नागिरीत रिफायनरी हा शब्द काढला की माणसं दोन्ही बाजूंनी बाह्या सरसावतात. नाणार-बारसूचा वाद इथे उकरायचा नाही. पानिपत आणि मुंबईतल्या माहुलबद्दल बोलतोय.)

मग मांडवीतला रोग कोणता? पाणी. मला मांडायचं आहे ते एवढंच.

लोक म्हणतात, दमट हवेमुळे टाकीत पाणी साचतं, रिकाम्या टाकीत दव धरतं. यात तथ्य आहे, पण वाटतं तितकं नाही. हिशेब करून बघा. हजार लिटर रिकामी जागा, दिवस-रात्रीत पाच अंशांचा फरक. हवा साधारण दीड-दोन टक्के आकुंचन-प्रसरण पावते, म्हणजे रोज पंधरा-वीस लिटर हवा आत-बाहेर होते. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे तीस ग्रॅम पाणी असतं. वीस लिटरमध्ये झालं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. दोन महिन्यांत सगळंच्या सगळं ठिबकलं तरी तीस-पस्तीस ग्रॅम, चहाच्या अर्ध्या कपाहून कमी. मग टाकीच्या तळाशी लिटर-लिटर पाणी कुठून येतं? डेकवरच्या भरायच्या झाकणातून, ज्याचं रबर कधीचं कडक झालेलं असतं आणि ज्यावर पावसाचं आणि लाटेचं पाणी तुंबतं. हवा जायच्या नळीतून, जिचं तोंड खाली वळवलेलं नसतं. पिंपांतून, ज्यांच्या वरच्या कडेत पाणी साठून रात्री बुचातून आत झिरपतं. आणि थोडं डिझेलबरोबरच. मानकाप्रमाणे किलोमागे २०० मिलिग्रॅम पाणी चालतं. हजार लिटर डिझेलला ते जवळपास १६५ ग्रॅम होतं. त्यातलं बरंचसं विरघळलेलंच राहून इंजिनात जळून जातं, काही तळाशी उतरतं.

पिंपांचा मुद्दा किरकोळ नाही. मच्छीमार सहकारी संस्थांचे पंप जेटीवर असतात, डिझेल थेट नळीने नौकेत जातं. हा मधला हात वाचणं हीच मोठी सफाई. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल एकदम लिटरमागे पंचवीस रुपयांच्या आसपास महागलं आणि संस्थांनाही घाऊक गिऱ्हाईक धरलं गेलं. रस्त्यावरच्या पंपावर तेच डिझेल स्वस्त! साहजिकच किनाऱ्यावरचे मच्छीमार तिकडे वळले. पिंपं, कॅन, टेम्पो, पुन्हा ओतणं. दरातला असा फरक इंजिनापर्यंत पोचतो तो पाण्याच्या रूपाने. आणि पुढे डिसेंबरात इंजिन खोकलं की बोल थंडीला लागतो. डिझेलवरच्या करपरताव्याची रखडपट्टी हा किनाऱ्याचा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहे. मच्छीमार संस्थांनी परताव्यासाठी जितका आवाज उठवला, तितकाच डिझेलच्या शुद्धतेसाठी उठवला तर मला आनंद होईल.

पाणी आलं की पुढचा पाहुणा येतो. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या पृष्ठावर बुरशी वाढते. तिला खायला डिझेल, प्यायला पाणी, आणि कोकणची ऊब. तिचा काळपट, बुळबुळीत, शेंबडासारखा थर टाकीच्या भिंतीला धरतो. समुद्र हलला की सुटतो आणि फिल्टरवर येऊन बसतो. फिल्टर उघडल्यावर जे काळं दिसतं त्याला ‘थंडीने डिझेल घट्ट झालं’ म्हणणारे भेटतात. मेणाचा थर फिकट असतो, ऊब दिली की वितळतो. हा थर काळा असतो, त्याला वास येतो, आणि उन्हात ठेवला तरी वितळत नाही. बोटाने चोळून बघायला पैसे पडत नाहीत.

हा काळा पाहुणा येतो पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नौका वर ओढून शाकारतात, जाळी विणायला घेतात, इंजिनाला तेल लावतात. टाकीकडे कोणी बघत नाही. बंदीआधी टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी आणि गाळ निघेपर्यंत सोडावं. झाकणाचं रबर बदलावं. टाकी एकतर भरून ठेवावी किंवा रिकामी करून पुसावी. तळाशी उरलेलं शे-दोनशे लिटर डिझेल आणि त्याखालचं पाणी ही अवस्था सगळ्यात वाईट. इंजिनाआधी काचेचं किंवा पारदर्शक भांडं असलेला वॉटर सेपरेटर बसवावा, म्हणजे पाणी डोळ्यांना दिसतं. डिझेल भरताना पंपावर दोन गोष्टी मागाव्यात. घनता मोजून दाखवा, हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. नोंदवलेल्या आकड्यापासून घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक नको. आणि पंपाच्या साठवण टाकीत पाणी शोधायची पेस्ट लावून काठी बुडवून दाखवा. पाण्याला लागली की पेस्टचा रंग बदलतो. मागणारा एकटा असला तर त्याला वाटेला लावतात. पाच तांडेल एकत्र मागायला गेले तर काठी बुडवतात.

आणि हो, एक बाटली आहे जिची मी बाजू घेतो. बुरशी मारणारं औषध. ते थंडीसाठी नाही, ते बंदीच्या दोन महिन्यांसाठी आहे, आणि म्हणून ते मे महिन्यात घ्यायचं. टाकी आधी धुवायची, पाणी काढायचं, मग नव्या डिझेलमध्ये बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत, हातमोजे घालून मिसळायचं; ते विष आहे, खाडीत सांडू द्यायचं नाही. धुतलेल्या टाकीतही भिंतीला थोडा थर राहतोच. औषधाने तो मरतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या फेरीला दोन फिल्टर जास्तीचे बरोबर ठेवावेत, कारण तो मेलेला गाळ सुटून तिथेच येतो.